पेशींचं उष्टं पाणी

६ फेब्रुवारी

छकुले,

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, फर्मानच ते. ‘आईला सांगितल्याशिवाय मला फोन करू नकोस.’ मी अर्थातच लगेच फोन केला आणि तू तो उचलला नाहीस. मेसेज पाठवले तर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सामसूम. म्हणून हे पत्र. कुरिअरवाला म्हणाला, परवा पोचेल.

आधी तुझं. छातीत गाठ आहे आणि अकरा मार्चला ऑपरेशन आहे, हे मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं आणि मग तिथेच फरशीवर बसले. आतून आई विचारत होती, “काय पडलं गं?” मी म्हटलं, डबा. चिठ्ठीबरोबर आलेले तुझे रिपोर्ट ओळखीच्या डॉक्टरबाईंना दाखवले. गाठ लहान आहे, वेळेवर सापडली आहे, असं त्या म्हणाल्या. तरी मला भीती वाटतेय आणि ती मी तुझ्यापासून लपवत नाही. तुझा नवरा बोटीवर, समुद्राच्या कुठल्या तरी टोकाला, आणि तू त्या घरात एकटी. मी ऑपरेशनला यावं म्हटलं तर तू चिठ्ठीत आधीच लिहून ठेवलं आहेस, ‘तू आईजवळच थांब. आईनं यायलाही नको. फक्त तिला माहीत असू दे. मी आत जाताना माझी आई माझ्यासाठी जागी आहे, एवढंच मला हवंय. आणि तूच सांग, म्हणजे तिची हृदयाची गोळी हाताशी असेल.’

मी नाही सांगणार.

चिडू नकोस, आधी ऐक. नोव्हेंबरमधल्या झटक्यात आईच्या हृदयाच्या भिंतीचा एक तुकडा कायमचा गेला. उरलेलं हृदय त्याचं काम अंगावर घेऊन कसंबसं चाललंय. डॉक्टरांनी घरी सोडताना कागदावर सगळ्यात वर लिहिलं होतं, मानसिक ताण नको. मिठाचा नंबर त्याच्या खाली होता. आणि तुला माहितीच आहे, माझा धंदाच मुळी हृदयाच्या पेशींना ताण देण्याचा आहे. प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत गुलाबी पाण्यात त्या वाढतात, सूक्ष्मदर्शकाखाली लुकलुक धडधडताना दिसतात. मी त्यांची ताटली बंद पेटीत ठेवते आणि पेटीतला प्राणवायू काढून घेते. मग त्या थांबतात, गोल होतात, ताटलीचा तळ सोडून तरंगायला लागतात. हे मी वीस वर्षं बघत आले आहे. तू मला ताण म्हणजे काय ते शिकवू नकोस. लांबून चिठ्ठ्या लिहिणं सोपं असतं, त्याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात.

ऑपरेशन होऊन तू बरी झालीस की आपण दोघी मिळून तिला सांगू. हे माझं वचन.

तुझी ताई

---

१५ फेब्रुवारी

छकुले,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहीत राहते, मला सवय आहे एकटीनं बोलायची.

आई बरी आहे. म्हणजे तिला काही होत नाहीये. सकाळी खिडकीशी बसते, दुपारी झोपते, संध्याकाळी पुन्हा खिडकीशी. दिवसा नर्सबाई असते, ती सगळं वेळेवर देते. मी जेवणात मीठ घालत नाही, दुधावरची साय काढते, टीव्हीवर बातम्या लागू देत नाही. शेजारीण गप्पा मारायला आली की तिला दारातच सांगते, आजारपणाच्या गोष्टी काढायच्या नाहीत. हल्ली ती येतच नाही. तळहाताच्या फोडासारखं जपतेय मी तिला.

आता एक गोष्ट सांगते, ओरडू नकोस. तुझी चिठ्ठी आल्यापासून आईचा फोन माझ्या कपाटात आहे. तो दुरुस्तीला दिलाय असं मी तिला सांगितलं. आठवडा झाल्यावर ती म्हणाली, “दुरुस्ती करतोय की त्यानं विकला?” आणि तुझा आवाज ऐकू येत नाही म्हणून ती सारखी विचारायला लागली, तेव्हा मी आणखी एक पुडी सोडली. म्हटलं, छकुली नवऱ्याच्या बोटीवर गेली आहे महिनाभर, तिथे फोन लागत नाही. आई म्हणाली, “तिला बोट लागते गं. गोळ्या नेल्या का तिनं?” मी म्हटलं, नेल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

वजन थोडं उतरलंय तिचं. परवा तपासणीला नेलं होतं. हृदय जितकं रक्त ढकलायला हवं तितकं ढकलत नाही, नोव्हेंबरनंतर सुधारणा नाही, असं डॉक्टर म्हणाले. बिघडलंही नाही, असं मी म्हणाले.

तिचे हात मांडीवर नुसते पडलेले असतात. चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा घासल्या त्या हातांनी. तुला आठवतं, बसमध्ये बसली की समोरच्याच्या नाकावरचा चष्मा तिरका दिसला तर हिला चैन पडायचं नाही? एकदा तर कंडक्टरचा चष्मा उतरवून घेऊन तिनं काडी वाकवून दिली होती. आता माझा चष्मा रोज नाकावरून घसरतो आणि ती बघतसुद्धा नाही.

कामावर डोक्याला ताप आहे. नव्या प्रयोगात आम्ही पेशींना आधी थोडा वेळ कोंडतो, मग बाहेर काढून विश्रांती देतो, मग खूप वेळ कोंडतो. किती तगतात ते मोजायचं. माझ्या ताटल्यांत जवळजवळ सगळ्या मरतात. शेजारच्या बाकावरच्या बाईच्या ताटल्यांत निम्म्याहून जास्त जगतात. तिचं आडनाव वेगळं आहे पण मी तिला पसारेबाई म्हणते. तिच्या बाकावर पेन शोधायचं तर आधी दोन डबे आणि एक स्वेटर हलवावा लागतो. अशा बाईच्या पेशी जगतात आणि माझ्या मरतात, हे मला काही पटलेलं नाही. मी साहेबांना सरळ सांगितलं, मोजण्यात गफलत आहे.

तू पथ्य पाळतेस ना? एकटी आहेस म्हणून उभ्या उभ्या काहीतरी खाऊन झोपू नकोस.

ताई

---

२० फेब्रुवारी

छकुले,

पुन्हा दोन निळ्या खुणा. तू काय समजतेस, मला मजा येते का? तुला आई हवी आहे आणि मला आई जिवंत हवी आहे. यात मी वाईट कुठे ठरते ते एकदा लिहून कळव. शिव्या लिहिल्यास तरी चालेल, अक्षर तर दिसेल तुझं.

ताई

---

२६ फेब्रुवारी

छकुले,

गेल्या पत्राची भाषा वाईट होती. राग नाकावर असतो माझ्या, चष्म्यापेक्षा तोच घट्ट बसतो. आज सावकाश लिहिते, बरंच सांगायचं आहे.

साहेबांनी आम्हाला दोघींना शेजारी बसवून प्रयोग करायला लावला. माझ्यावर पसारेबाईंनी लक्ष ठेवायचं आणि त्यांच्यावर मी. एकाच डब्यातून पेशी घेतल्या, एकाच पेटीत कोंडल्या. शेवटी निळा रंग टाकून बघायचं असतं. मेलेल्या पेशी रंग पिऊन घेतात, जिवंत पेशी त्याला आत येऊ देत नाहीत. माझी ताटली सगळी निळी. त्यांची निम्म्याहून जास्त स्वच्छ, आणि काही काही ठिकाणी धडधडतसुद्धा होत्या. मोजल्या मीच. दोनदा मोजल्या. पसारेबाई म्हणाल्या, “अहो, होतं असं कधीकधी.” त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मी चांगलीच तोंडघशी पडले.

घरी आले, बॅग फेकली आणि सोफ्यावर बसले ती नेमकी चष्म्यावर. काडी तुटली नाही, पण पार वाकडी झाली आणि बारका स्क्रू कुठेतरी उडाला. मी रडायला लागले. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, आईसमोर, हमसाहमशी. तिच्यासमोर रडायचं नाही हा नियम मीच घरात केला होता.

“काय झालं?” आई म्हणाली.

“काही नाही.”

“काही नाही म्हणताना तुझं नाक लाल का होतं मग?”

आणि छकुले, ती उठली. हात धरायला कुणी नव्हतं, नर्सबाई गेली होती. मी म्हटलं, अगं बस, तर मलाच म्हणाली, “तू बस. तोंड धू आधी. मग बस.” तिनं तिच्या दुकानातल्या हत्यारांच्या पेटीतून बारका पेचकस काढला. माझ्याकडे राहायला येताना ती पेटी तिनं आणली आहे हे मला माहीतच नव्हतं. जमिनीवर टॉर्च फिरवून स्क्रू तिनंच शोधला. मग दिव्याखाली बसून काडी गरम करून हळूहळू वाकवत राहिली आणि म्हणाली, “आता सांग, कुणी काय केलं.”

मी सगळं सांगितलं. पसारेबाई, साहेब, निळ्या ताटल्या. सांगताना मला वाटत होतं, हिला ताण येईल, थांबावं. पण ती प्रश्न विचारत होती. “ती करते आणि तू करत नाहीस असं काय आहे?” मी म्हटलं, काही नाही गं, उलट मी जास्त करते. ती आळशी आहे. मधल्या विश्रांतीत ताटलीतलं जुनं पाणी काढून नवं घालायचं, तेवढंही तिला सुचत नाही. मी लगेच बदलते. ताण सोसलेल्या पेशींना मी शिळ्या पाण्यात एक मिनिट ठेवत नाही, मला शिकवलंच तसं आहे.

बोलता बोलता मी त्या शिळ्या पाण्यापाशीच अडकले. आईनं विचारलं, “काय गं मोठे, आता काय?” मी म्हटलं, थांब जरा. मग तिनं चष्मा माझ्या नाकावर ठेवला, कानामागे बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, “आता नाही घसरणार.” त्या दिवशी ती पोटभर जेवली. उद्या त्या बाईंची माफी माग, असंही बजावलं. झोपताना मी तिची नाडी बघितली. नेहमीपेक्षा बरी होती. मी दोनदा बघितली, कारण हल्ली माझ्या मोजण्यावर माझा विश्वास राहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी माफी मागितली. पसारेबाईंनी स्वेटर हलवून मला खुर्ची दिली. मग आम्ही दोघींनी मिळून एक केलं. थोडा ताण सोसलेल्या पेशींच्या अंगाखालचं पाणी, म्हणजे जे मी आजवर मोरीत ओतत आले ते उष्टं पाणी, काढून घेतलं आणि दुसऱ्या ताटलीत घातलं. त्या ताटलीतल्या पेशींनी ताण कधी पाहिलाच नव्हता. मग त्यांना खूप वेळ कोंडलं.

त्या तगल्या, छकुले. सगळ्या नाही, पण पुष्कळ. मग तेच पाणी उकळून थंड करून वापरलं, तर गुण गेला, सगळ्या मेल्या. उकळल्यावर गुण जातो म्हणजे त्यात प्रथिनं असणार. ताणात सापडलेल्या पेशी नुसत्या तडफडत नव्हत्या. त्या काहीतरी तयार करून बाहेर सोडत होत्या, स्वतःला पुरेल आणि शेजारणीलाही पुरेल असं. आणि मी स्वच्छतेच्या नादात ते धुऊन टाकत होते. हृदयाच्या पेशी असं काही सोडतात हे इतरांनी आधी दाखवलेलं आहे, मी वाचलंही होतं. पण माझ्याच हातानं ते मोरीत जात असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आता तू म्हणशील, बघ ताई. नको म्हणूस. मला कळतंय तू कुठे नेणार आहेस ते. ताटलीतल्या पेशींना मुली नसतात. आणि ताण फार झाला की त्या मरतात, उष्टं पाणी असो की नसो. थोडं कुठे संपतं आणि फार कुठे सुरू होतं ते मला ताटलीत दिसतं. आईच्या छातीत मला दिसत नाही.

ताई

---

३ मार्च

छकुले,

काल आईच्या डॉक्टरांकडे एकटीच गेले. त्यांना तुझं सगळं सांगितलं आणि विचारलं, सांगू का तिला? मला वाटलं होतं, ते म्हणतील, मुळीच नको. म्हणजे मी सुटले असते.

ते म्हणाले, “खात्री मी देऊ शकत नाही. पण ही बातमी त्यांना दुसऱ्या कुणाकडून, अचानक कळली तर ते मला जास्त धोक्याचं वाटतं. बसवून सांगा. सकाळच्या गोळ्या झाल्यावर सांगा. मला फोन करून ठेवा.” मग चष्मा काढून म्हणाले, “त्यांना घरात काही काम देता का हो तुम्ही?” मी म्हटलं, काम? तिला? ते म्हणाले, “मग त्या दिवसभर करतात काय?”

आज सकाळी सांगायचं असं ठरवून उठले. गोळ्या झाल्या. तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले. म्हटलं, आई. ती म्हणाली, काय? म्हटलं, पडदा लावू का, ऊन येतंय. इतकी मी शूर. पडदा लावला आणि कामावर निघून गेले.

माझ्या मनात काय चाललंय ते आता लिहितेच. मला वाटत होतं, मी आईला जपतेय. खरं म्हणजे तिला काही झालं तर ते माझ्या तोंडून निघालेल्या शब्दानं होईल, याची मला भीती आहे. तू चिठ्ठी लिहून मोकळी झालीस. सांगणार मी, बघणार मी, आणि ती कोसळली तर पुढे जन्मभर ते वाक्य माझंच. हे तुला दिसलं नसेल असं नाही. तरी तू मला सांगायला लावलंस, म्हणजे तुलाही दुसरं कुणी नव्हतं. हे मला इतक्या उशिरा का कळावं? गाठ तुझ्या छातीत आहे आणि मी महिनाभर माझीच भीती तुला लिहून पाठवतेय.

काल खिडकीशी बसलेल्या आईला मी नीट बघितलं. कशालाच हात लावू द्यायचा नाही, काही ऐकू द्यायचं नाही, कुणाला येऊ द्यायचं नाही. असं तिला मी ठेवलंय. माझ्या घरात तिची कुणालाच गरज नाही, तिला तसं वाटावं अशी मीच व्यवस्था केली आहे. ती बोलत नाही ते आजारामुळे, असं मी धरून चालले होते.

परवा सकाळी पुन्हा बसेन स्टुलावर. उद्या नर्सबाईची सुट्टी आहे, मला ती घरात हवी. पडदा आधीच लावून ठेवेन.

ताई

---

५ मार्च

छकुले,

सांगितलं.

तू श्वास रोखून वाचत असशील म्हणून आधीच लिहिते. आई ठीक आहे. आता आतल्या खोलीत कपाट उघडून बसली आहे आणि मला आत जायला बंदी आहे.

सकाळी गोळ्या झाल्या. जिभेखालची गोळी मी मुठीत धरून ठेवली होती, नर्सबाई दाराशी होती, डॉक्टरांना फोन करून ठेवला होता. म्हटलं, आई, छकुली बोटीवर नाही. ती घरी आहे. तिच्या छातीत गाठ सापडली आहे आणि अकरा तारखेला ऑपरेशन आहे. एका दमात बोलले. मधे थांबले असते तर पुन्हा पडद्याकडे पळाले असते.

आईचा चेहरा पांढरा पडला. हात छातीकडे गेला आणि मला वाटलं, झालं, संपलं. मी गोळी पुढे केली. तिनं ती घेतली, जिभेखाली ठेवली आणि डोळे मिटले. मी मनगट धरलं. नाडी पळत होती. मी आकडे म्हणत होते, बहुतेक मोठ्यानंच, कारण तिनं हात ओढून घेतला.

“नाडी नंतर बघ,” ती म्हणाली. गोळीमुळे शब्द जड येत होते. “तिच्याजवळ कोण आहे?”

मी म्हटलं, कुणी नाही.

“कधीपासून?”

“महिना झाला.”

“आणि तू इथे माझ्या दुधावरची साय काढत बसलीस?”

मग ती रडली. मीही रडले. नर्सबाई दोघींना पाणी घेऊन आली, कुणाला आधी द्यावं ते तिला कळेना. थोड्या वेळानं आईनं डोळे पुसले आणि मला जे काही सुनावलं ते सगळं इथे लिहीत नाही. आयुष्यात तिनं मला इतकं कधी बोलून घेतलं नव्हतं. “फोन दुरुस्तीला दिला म्हणून सांगितलंस, माझ्या पोरीला बोट लागेल म्हणून मी इथे झुरत होते, आणि तू गोळ्या नेल्या म्हणालीस!” “मी आजारी आहे गं, मेलेली नाही. मला का नाही विचारलंस?” मी मान खाली घालून ऐकत होते. भीती वाटत होती आणि त्याच वेळी मला आतून इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. तिचा आवाज परत आला होता. कित्येक दिवसांनी माझी आई घरात होती.

डॉक्टर दुपारी येऊन तपासून गेले. ठोके जरा जास्त आहेत, बाकी जसं होतं तसं आहे. ताटलीत एका दिवसात निकाल कळतो. इथे मला काहीही कळलेलं नाही. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही आणि डॉक्टरही सांगू शकत नाहीत. आईनं त्यांना विचारलं, “मी प्रवास करू का?” ते म्हणाले, “मी करू नका म्हटलं तर?” ती म्हणाली, “तर तुम्हाला न विचारता करीन.” ते हसले आणि गाडीनं, थांबत थांबत, असं लिहून दिलं. गाडी मी चालवणार. साहेबांकडून सुट्टी घेतली आहे, ताटल्या पसारेबाई सांभाळतील. त्यांना म्हटलं, मधलं पाणी बदलू नका हं. त्या म्हणाल्या, “मला नका हो सांगू.”

आठ तारखेला निघतोय, नऊला तुझ्या दारात. तू यायला नको म्हणाली होतीस, ते मी तिला सांगून बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

तिचा फोन तिला परत दिला आहे. तुला लगेच लावते की काय असं वाटलं होतं, पण म्हणाली, “फोनवर नुसतं रडणं होईल. मी लिहिते चार ओळी, तुझ्या पत्राबरोबर जाऊ दे.” आता तिनं बॅग भरून कपाटाचं दार लावलं आणि माझ्या हातातलं पेन मागतेय. देते.

ताई

छकुले,

मोठीला रागावू नकोस. रागवायचं तेवढं मी तिला रागावले आहे, आता पुरे. पोर घाबरली होती, तिच्या हातून असं होतं.

मला भीती वाटतेय, खोटं कशाला सांगू. तुलाही वाटत असेल. रात्री दिवा लावून झोप, बिलाची काळजी करू नकोस.

तुझा जिना मी थांबत थांबत चढेन. गाडीचा आवाज आला म्हणून तू धावत खाली येऊ नकोस, दार तेवढं उघडं ठेव. तू आत जाशील तेव्हा मी बाहेर बाकावर असेन आणि तू बाहेर येईपर्यंत उठणार नाही. डॉक्टर म्हणतात, माझ्या हृदयात आता फारसं बळ राहिलेलं नाही. जे आहे ते मी इथे खिडकीशी बसून कुणासाठी राखून ठेवू?

आई